दोन विद्यापीठे व माळव्याचे सोयाबीन

आषाढ-श्रावणात इंदुराहून देवास, उज्जैन वा धार यांपैकी कोणत्याही वाटेने निघावे, तो दृष्टी पोहोचेल तेथवर गुडघाभर उंचीचे एकच हिरवे पीक डोलताना दिसते. हे पीक सोयाबीनचे होय. आज आमच्या विद्यार्थ्यांना माळव्याचा पावसाळा सोयाबीनवाचून कल्पिताही येणार नाही. परंतु त्यांच्या आजोबांच्या बालपणी या जमिनीपैकी बरीचशी पावसाळ्याचे चार महिने उघडी पडून असे. हा पालट घडून येण्यात बाजाराचा, तेलाच्या कारखान्यांचा व सरकारी धोरणाचा वाटा आहेच. पण त्याचे पहिले धागे शोधू लागलो म्हणजे आपण जबलपूरच्या कृषी विद्यापीठापाशी आणि तेथून थेट अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठापाशी जाऊन पोहोचतो.

‘शाश्वत विकास’ हा शब्द अलीकडे वारंवार कानी पडतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली जी सतरा उद्दिष्टे जगापुढे ठेवली, त्यांतील सतरावे उद्दिष्ट राष्ट्राराष्ट्रांतील भागीदारीचे आहे, आणि त्या कामी निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांनी हातात हात घालावा अशी अपेक्षा सर्वत्र बोलून दाखविली जाते. असे हात घातले म्हणजे नेमके काय होते, हे करारपत्रांवरून कळत नाही. ते शेतात पाहावे लागते. म्हणून आम्ही आपल्या अंगणातलेच उदाहरण येथे घेतले आहे.

प्रथम जमीन उघडी का पडे, ते पाहू. माळव्याची काळी माती पाणी प्याली की फुगते, चिकट होते. औत आत घालवत नाही, पाय ठेवावा तर चिखलाचा गोळा उचलून येतो. ज्वारी, तूर, कापूस, भुईमूग ही पिके निचऱ्याच्या जमिनीत येत. पण खोल काळ्या रानात पावसाळी पिकाचा भरवसा नसे. तेव्हा शेतकरी काय करी, तर उघडीप मिळेल तेव्हा वखर फिरवून तण मारी, पावसाचे पाणी मातीत मुरू देई आणि दिवाळीच्या सुमारास त्या साठलेल्या ओलीवर गहू किंवा हरभरा पेरी. यात अडाणीपणा मुळीच नव्हता. विहिरीला पाणी थोडे आणि पाऊस अनिश्चित, अशा स्थितीत ती शहाणपणाचीच रीत होती. मात्र तिची किंमत मोठी होती. वर्षातून एकच पीक हाती येई, आणि उघड्या रानावरून वाहणारे पाणी दरसाल सुपीक मातीचा थर घेऊन जाई.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. अमेरिकेत १८६२ साली लिंकन यांच्या सहीने मॉरिल कायदा झाला. प्रत्येक राज्याला काँग्रेसमधील त्याच्या प्रत्येक सभासदामागे तीस हजार एकर सरकारी जमीन मिळावी, आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये निघावी, अशी त्यातील योजना. (ही ‘सरकारी’ जमीन मुळात तेथील आदिवासींची होती, हेही वाचकांनी विसरू नये.) इलिनॉयचे विद्यापीठ १८६७ साली याच कायद्यातून जन्मले. पुढे १८८७ च्या कायद्याने अशा महाविद्यालयांना प्रयोगक्षेत्रे जोडली गेली व १९१४ च्या कायद्याने प्रयोगातील ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. अध्यापन, संशोधन आणि प्रसार ही तीन कामे एकाच छत्राखाली, एकाच अध्यापकवर्गाकडून करून घ्यावयाची, हे या विद्यापीठांचे वैशिष्ट्य. आपल्याकडे त्या काळी महाविद्यालय एका खात्याचे, प्रयोगशाळा दुसऱ्याची आणि खेड्यात फिरणारा अधिकारी तिसऱ्याचा, अशी फाळणी होती.

स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगाने १९४८-४९ मध्ये ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. १९५५ साली श्री. दामले यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय व अमेरिकन तज्ज्ञांचे एक संयुक्त मंडळ देशभर हिंडले आणि राज्याराज्यांतून कृषी विद्यापीठे काढावीत अशी शिफारस त्याने केली. इलिनॉयचा संबंध त्याआधीच, १९५२ पासून, अलाहाबादच्या कृषी संस्थेशी जडला होता. त्याच विद्यापीठातील हॅना नावाच्या प्राध्यापकांनी भारतातील ग्रामीण विद्यापीठाचा आराखडा लिहून दिला, आणि १७ नोव्हेंबर १९६० रोजी तराईच्या जंगलतोडीतून मोकळ्या झालेल्या जमिनीवर पंतनगरच्या विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. जबलपूरचे विद्यापीठ १९६४ सालचे. या दोहोंचे पालकत्व इलिनॉयकडे होते. इतर राज्यांची वाटणीही अशीच झालेली दिसते: हैदराबादेस कॅन्सस, राहुरीस पेनसिल्व्हानिया, पंजाबात व राजस्थानात ओहायो, आणि म्हैसूर राज्यात टेनेसी. आमचे बेळगावकडील बालमित्र ज्या धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे नाव नित्य ऐकतात, ते १९८६ साली स्वतंत्र होण्यापूर्वी या टेनेसी-म्हैसूर संबंधाच्याच छायेत वाढले.

या सख्याचे स्वरूप कसे होते? तिकडून प्राध्यापक येत ते पाहुण्यासारखे आठ दिवसांसाठी येत नसत. बहुधा दोन वर्षे, बायकामुलांसह, येथल्या उन्हाळ्यात राहात. इकडचे तरुण अध्यापक तिकडे जाऊन पदवी घेत आणि परत येऊन तोच विषय शिकवीत. ग्रंथ आले, उपकरणे आली. वर्षाअखेरच्या एकाच परीक्षेऐवजी सत्रे व अंतर्गत गुणदान आले. खर्चाचा मोठा भार अमेरिकन सरकारच्या परराष्ट्र साहाय्य खात्याने उचलला. यात निव्वळ परोपकार होता असे समजणे भोळेपणाचे ठरेल. ते शीतयुद्धाचे दिवस होते. भारत उपाशी राहिला तर साम्यवादाकडे झुकेल, ही भीती वॉशिंग्टनमध्ये उघड बोलली जाई. परंतु हेतू मिश्र असले म्हणून काम खोटे होते असे नाही. आणि जे प्राध्यापक जबलपूरच्या चिखलात उतरले त्यांना शीतयुद्धापेक्षा मुळांवरच्या गाठींचीच चिंता अधिक असावी, असे त्यांच्या कामावरून वाटते.

सोयाबीन आपल्या देशाला अगदीच अपरिचित नव्हते. हिमालयाच्या उतारावर ‘भट’ या नावाने आणि मध्य भारतात ‘काळी तूर’ या नावाने त्याचा काळ्या दाण्याचा प्रकार थोडाफार पेरला जाई. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी आश्रमवासीयांच्या आहारात सोयाबीनचा प्रयोग करून पाहिला. बडोदे संस्थानातील एक अधिकारी श्री. एफ. एस. काळे यांनी तर १९३६ साली या धान्यावर इंग्रजीत एक जाडजूड ग्रंथ लिहिला व त्यात तीनशे पाककृती दिल्या! तरीही पीक पसरले नाही. गांधीजींचा शब्द आणि बडोद्याचे राजाश्रय दोन्ही असून जे साधले नाही, ते पुढे तीस वर्षांनी कसे साधले, हा खरा मनोरंजक प्रश्न आहे.

पहिली अडचण सूर्याची होती. सोयाबीनचे झाड दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते. इलिनॉय चाळीस अक्षांशांवर आहे. तेथे ऐन उन्हाळ्यात दिवस पंधरा तासांचा असतो. जबलपूर तेवीस अक्षांशांवर. येथला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आसपास. त्यामुळे उत्तरेकडील वाण येथे लावला की त्याला वाटते, दिवस लहान झाले! तो वीतभर उंचीवरच फुलून बसतो आणि शेंगा मूठभर धरतो. म्हणजे इलिनॉयच्या शेतकऱ्यांची भरभराट करणारे कित्येक वाण येथे कुचकामाचे ठरणार होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात तयार झालेले ‘ब्रॅग’, ‘ली’ यांसारखे वाण त्या मानाने येथे उंच वाढले व चांगले पिकले. पाहुण्याने स्वतःच्या घरचे न आणता शेजाऱ्याचे आणावे, यात त्याचा मोठेपणा दिसतो, असे आम्हांस वाटते.

दुसरी अडचण मातीच्या पोटातली. हरभरा, तूर यांप्रमाणे सोयाबीनच्या मुळांवरही गाठी येतात. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देते. परंतु प्रत्येक पिकाचा सोबती निराळा असतो. सोयाबीनच्या पिवळ्या वाणांना जो जिवाणू हवा, तो आपल्या बहुतेक शेतांत नव्हता. पेरणी उत्तम झाली, पाऊस वेळेवर आला, तरी रोप फिकट पिवळे पडे. उपटून पाहावे तर मुळे गुळगुळीत, एकही गाठ नाही. त्यावर उपाय म्हणजे बियाण्याला जिवाणूंचा लेप देऊन पेरणे. हे संवर्धन प्रयोगशाळेत वाढवावे लागते, उन्हात मरते, शिळे झाले की निरुपयोगी ठरते. म्हणजे नुसते बी बोटीने आणून भागणार नव्हते. जिवाणू वाढविणारी प्रयोगशाळा, तो ओळखणारा अध्यापक आणि ‘लेप सावलीत द्या’ हे शेतकऱ्याला समजावून सांगणारा प्रसारक, तिघेही येथलेच हवे होते. तीन कामे एका छत्राखाली का हवीत, याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हांस ठाऊक नाही. बडोद्याच्या ग्रंथापाशी यांतील काहीच नव्हते.

तिसरी अडचण साठवणीची: सोयाबीनचे बी नाजूक असते, आणि वैशाखातल्या उष्णतेत व पहिल्या पावसाच्या दमट हवेत त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते. यावरही येथेच उपाय शोधावे लागले.

१९६७ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सोयाबीनवरील अखिल भारतीय समन्वित योजना सुरू केली. पंतनगर व जबलपूर ही तिची आरंभीची प्रमुख केंद्रे. आणि मग माळव्याची ती पावसाळी पडीक व हे शंभर-सव्वाशे दिवसांचे पीक यांची गाठ पडली. सोयाबीन ओल सोसते, तण दाबते, दसऱ्याच्या आगेमागे काढणीला येते आणि गव्हासाठी रान मोकळे करून देते. शेतकऱ्याला जुने पीक मोडावे लागत नव्हते; रिकाम्या महिन्यांत नवे मिळत होते. १९७० च्या सुमारास देशात सोयाबीनखाली अवघे तीस हजार हेक्टर क्षेत्र होते. आज ते शंभर लाख हेक्टरांहून अधिक आहे, आणि त्यातील बहुतांश मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन राज्यांत आहे. जबलपूर विद्यापीठाचा १९९४ सालचा ‘जे. एस. ३३५’ हा वाण तर असा लोकप्रिय झाला की, कित्येक वर्षे सोयाबीन म्हणजे ‘तीनशे पस्तीस’ असेच समीकरण होते. ‘जे’ म्हणजे जवाहर. इलिनॉयचे प्राध्यापक त्याच्या वीस वर्षे आधीच परत गेले होते.

येथवरची कथा यशाची आहे, आणि पुष्कळदा ती येथेच संपविली जाते. आम्ही ती संपवीत नाही. कारण जे योजिले होते आणि जे घडले, त्यांत अंतर आहे.

सोयाबीनच्या दाण्यात शेकडा चाळीसच्या आसपास प्रथिने आणि शेकडा वीसच्या आसपास तेल असते. आरंभीच्या संशोधकांचे लक्ष प्रथिनांवर होते. डाळ महागलेल्या देशात गरिबाच्या मुलाला दूध-डाळीला पर्याय मिळावा, ही त्यामागील दृष्टी. अडचण अशी की, कच्च्या दाण्यात पचनाला अडथळा करणारे एक द्रव्य असते, आणि दाणा भिजवून वाटला की उग्र वास सुटतो. इलिनॉयच्या अन्नशास्त्रज्ञांनी यावर एक साधी युक्ती काढली: आधी अख्खा दाणा उकळावा, मग वाटावा, म्हणजे वास निर्माण करणारे विकर काम करण्यापूर्वीच निकामी होते. पंतनगरातही सोयाबीनचे दूध, वड्या यांवर प्रयोग झाले. पण माळव्याच्या स्वयंपाकघराने सोयाबीनला फारसे आत घेतले नाही. बाजाराने मात्र घेतले. इंदूर, उज्जैन, देवास येथे तेल काढण्याचे कारखाने उभे राहिले. तेल देशात खपू लागले आणि प्रथिनांनी भरलेली पेंड जहाजांतून परदेशी कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यासाठी रवाना होऊ लागली. ज्या मुलासाठी हे सारे मांडले होते, त्याच्या ताटात त्यातले तेल तेवढे आले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, पक्की घरे झाली, मुले शिकली. हा लाभ लहान मानण्याचे कारण नाही. परंतु ते उद्दिष्ट वेगळे होते, एवढे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

जमिनीचे काय झाले? प्रारंभी पडीक भरून काढणारे पीक पुढे ज्वारीच्या, तुरीच्या, मुगा-उडदाच्या रानातही शिरले. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी गुरे कमी झाली, आणि गुरांबरोबर शेणखत आटले. पूर्वी मातीत मुरलेल्या ओलीवर गहू निघे. आता ती ओल सोयाबीन पिऊन टाकते, म्हणून गव्हाला पाणी द्यावे लागते, म्हणून कूपनलिका खोल खोल जातात. देवास जिल्ह्यात २००६ नंतर शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली, ती या तहानेपोटीच. एकच पीक, त्यातही बराच काळ एकच वाण, असे झाले की कीड व रोग यांना मेजवानीच मिळते. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक हा विषाणुरोग माळव्यातील शेतकऱ्याला चांगलाच परिचित झाला आहे. शिवाय दर हेक्टरी उत्पन्न कित्येक वर्षे दहा-बारा क्विंटलांच्या आसपासच रेंगाळत आहे. अमेरिकेत ते तीस क्विंटलांच्या वर आहे. यास इलिनॉय जबाबदार आहे असे आम्ही म्हणणार नाही. दोन विद्यापीठांच्या करारात पिकाची जबाबदारी होती. पीकपद्धतीची, पाण्याची आणि बाजाराची नव्हती. आज ज्याला शाश्वतता म्हणतात ती नेमकी या दुसऱ्या यादीत बसते.

येथे एका विसरल्या गेलेल्या गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. इंदूरचे कृषी महाविद्यालय ज्या आवारात आहे, तेथे १९२४ ते १९३१ पर्यंत आल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञाच्या हाताखाली एक वनस्पतिसंशोधन संस्था चाले. तिला जमीन होळकर दरबाराने दिली होती. शेतातील काडीकचरा, शेण आणि गोठ्यातील मूत्रमिश्रित माती यांचे थर रचून, ठराविक दिवसांनी वरखाली करून काही महिन्यांत उत्तम खत बनविण्याची पद्धत हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तेथे बसविली आणि १९३१ साली दोघांच्या नावाने ग्रंथ प्रसिद्ध केला. ही ‘इंदूर पद्धत’ पुढे आफ्रिकेतील कॉफीच्या मळ्यांत व इंग्लंड-अमेरिकेतील शेतकऱ्यांत पोहोचली. ज्ञानाची बोट नेहमी पश्चिमेकडूनच येते असे नाही. इलिनॉयच्या प्राध्यापकांचे विमान भारतात उतरण्यापूर्वी वीस-पंचवीस वर्षे इंदूरचे खत जगभर हिंडून आले होते. पण सोयाबीनच्या भागीदारीत त्याला पहिल्या पंगतीचे पान मिळाले नाही. ज्या मातीतून दोन पिके काढावयाची, तिला परत काय द्यावयाचे, हा प्रश्न तेव्हा रासायनिक खताच्या पोत्याने सुटला असे सर्वांना वाटले.

आता पैशाविषयी थोडे. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारत-अमेरिका संबंध बिघडले, साहाय्य आटले आणि इलिनॉयचे प्राध्यापक गेले. पण तोवर जबलपूर व पंतनगर येथे विद्यार्थी शिकवून तयार करणारे आपले अध्यापक होते, त्यांचे पगार राज्य सरकार देत होते, आणि बियाण्याची पैदास थांबली नाही. याच इलिनॉय विद्यापीठाने २०१३ साली अमेरिकन साहाय्याने एक सोयाबीन प्रयोगशाळा काढून आफ्रिकेतील घाना, मलावी आदी देशांत तसेच काम आरंभिले. २०२५ साली अमेरिकन सरकारने आपले परराष्ट्र साहाय्य खातेच गुंडाळले. प्रयोगशाळेचा मुख्य निधी एकाएकी तुटला, नोकरवर्गाला रजा द्यावी लागली, आणि मलावीतील काही काम तेवढे एका देणगीवर तगले. आमच्या विद्यार्थ्यांनी ही दोन्ही वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

इंदुरात १९८७ पासून सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. खंडवा रस्त्यावरून जाताना तिची पाटी पुष्कळांनी वाचली असेल. कमी दिवसांत येणारे व पिवळ्या मोझॅकला दाद न देणारे वाण तेथे तपासले जातात, रुंद गादीवाफ्यावर पेरून पावसाचे पाणी मुरविण्याच्या पद्धती पाहिल्या जातात. आणि त्या जुन्या स्वयंपाकघराच्या प्रश्नालाही तेथे हात घातला गेला आहे. पचनाला अडथळा करणारे ते द्रव्य ज्याच्या दाण्यात नाही असा ‘एन. आर. सी. १२७’ हा वाण या संस्थेने दिला. त्यामागून आलेल्या ‘एन. आर. सी. १४२’ मध्ये उग्र वासाला कारण होणारे विकरही काढून टाकलेले आहे. त्याची डाळ माळव्याच्या चुलीवर शिजेल की तीही पेंड होऊन बंदराकडे जाईल, ते पुढील काही हंगामांत दिसेल.